एकादशीचं हृदय

आशाताई पट्टी घेऊन आल्या तेव्हा माझा जप चालू होता, म्हणून त्या बिचाऱ्या ओट्यावर वीस मिनिटं बसून राहिल्या. मी उठल्यावर त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं. आत बिस्किटाएवढी, कातडीच्याच रंगाची मऊ चकती होती.

"काकू, ही डाव्या खांद्याच्या हाडाखाली लावायची. अंघोळीला काढायची नाही. तीन दिवसांनी खालचा चिकट कागद तेवढा बदलायचा, बाकी विसरून जायचं."

"पूजेला चालते ना?"

"चामडं नाही त्यात. मला सगळ्याजणी हेच विचारतात."

साठीच्या पुढच्या आणि साखर असलेल्या सगळ्यांना त्या वर्षीपासून ही पट्टी मिळू लागली. मी सहासष्टची, साखर अकरा वर्षांची. बार्शीत भगवंताच्या देवळापासून हाकेवर आमचं घर. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा निनाद नाशिकला. मागच्या दोन खोल्यांत रंजना आणि तिची मुलगी मयूरी राहतात. रंजना माझ्याकडे चौदा वर्षं पोळ्या करते, धुणं करते, आणि मी पडले-झडले तर मला उचलते. तिचं वय अठ्ठेचाळीस. म्हणजे पट्टीसाठी बारा वर्षांनी लहान.

पट्टी काय करते ते आशाताईंनी मला चांगलं समजावलं होतं. वर्तमानपत्र छापतात तशी हिच्या आतली तारांची नक्षी शाईनं छापलेली असते, म्हणून ती इतकी स्वस्त. ती चार गोष्टी ऐकते. हृदयाचे ठोके, अंगाचा ताप, कातडीखालच्या ओलाव्यातली साखर, आणि चौथी म्हणजे छातीतलं पाणी. आपल्याला जाणवणारही नाही इतकी बारीक वीज ती छातीतून सोडते. हवा विजेला अडवते, पाणी वाट देते. हृदय थकलं की फुप्फुसांत पाणी झिरपायला लागतं, आणि मग वीज सोपी जाते. माणसाला दम लागायच्या आधी आठ-दहा दिवस हे पट्टीला कळलेलं असतं. देव्हाऱ्याजवळच्या फळीवर एक डबी ठेवली होती, ती हे सगळं सोलापूरच्या निरीक्षण कक्षाला पाठवायची. डबीवर हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे फोन येणार, लाल म्हणजे गाडीच येणार. निनादच्या मोबाईलवरही तोच दिवा आणि साखरेचे आकडे दिसायचे.

आणि हे यंत्र आपली तुलना पुस्तकातल्या सरासरीशी करत नाही, आपल्याशीच करतं. पहिले चौदा दिवस ते नुसतं शिकतं, हे माणूस कसं आहे ते.

चौदा दिवस मी खरीच होते. पंधराव्या दिवशी निर्जला एकादशी आली.

चोवीस वर्षं मी एकादशी पाण्याशिवाय करत आले. दशमीला संध्याकाळी शेवटचं पाणी, ते द्वादशीला पारणं. येत्या कार्तिकीला पंचवीस वर्षं पुरी होऊन उद्यापन व्हायचं होतं. डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच नको म्हणून सांगितलं होतं आणि मी निनादला "सोडलं बरं का" असं सांगून मोकळी झाले होते. आता ही चकती सगळं सांगणार होती.

दशमीच्या दिवशी रंजना पोळ्या लाटत होती. मी तिच्याशेजारी पाटावर जाऊन बसले.

"रंजना, उद्या परवा ही पट्टी तू लावशील का?"

ती लाटणं थांबवून माझ्याकडे बघायला लागली. मग हसली. "मंजे तुमी उपास करणार आन तुमचं मशीन माझ्याकडं जेवायला येणार."

"तसंच समज."

"लावते की. पर निम्मं पुण्य माझं."

"घे बाई."

"आन दुपारी मयूरीनं मटण आणलं तर?"

"एकादशीला?"

"मला कुठं एकादशी हाय काकू? तुमच्या पट्टीला हाय." पण मटण काही तिनं खाल्लं नाही. माझी एकादशी तिनं तिच्या परीनं पाळलीच.

द्वादशीला निनादचा फोन आला. "आई, बघितलंस? काल जेवलीस तर साखर किती सुरेख राहिली. इतकी छान कधीच नव्हती."

रंजनाला साखर नाही, ती सुरेखच राहणार. मी म्हटलं, "हो रे." दोनच अक्षरं. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी ही दोन अक्षरं म्हणत गेले आणि दर वेळी ती सोपी होत गेली.

आषाढातली दुसरी एकादशी झाली आणि डबीवर पिवळा दिवा लागला. सोलापूरहून आफ्रिन सिस्टरचा फोन आला. आवाजावरून पंचविशीतली असावी.

"पुराणिक काकू, आडवं पडल्यावर दम लागतो का तुम्हाला?"

"नाही गं."

"पायावर सूज?"

"नाही."

"गंमतच आहे मग. तेरा दिवस तुमचं हृदय घड्याळासारखं चालतं आणि दीड-दोन दिवस ठोके वाट्टेल तसे पडतात. छातीत पाणीही दिसतं. आधी आम्हाला वाटलं पट्टी सरकली असेल. कातडी सैल असली की सरकते, त्यामुळे थोडाफार फरक मशीन सोडूनच देतं. पण चारही वेळा तेच. तारखा काढल्या, मेळ लागेना. शेवटी आमच्या शिपाईमामांनी कॅलेंडर बघितलं. म्हणाले, सिस्टर, ह्या सगळ्या एकादश्या आहेत." ती हसली. "काकू, तुमचं हृदय एकादशीला म्हातारं होतं."

मीही हसले. ते हसणं मला आठवतं. कारण हसता हसताच मला कळलं होतं की ते हृदय माझं नाही.

"उपवास करता का कडक?" तिनं विचारलं.

"नाही."

"मी रमजानचे तीसही रोजे ठेवते, काकू. मला सांगायला लाजू नका. फक्त मी डॉक्टरांना सांगून ठेवते, एवढंच."

इतकं दार उघडून कुणी माझ्यासमोर उभं राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "उपवास नाही गं. फराळाचं खाते थोडंसं."

फोन ठेवून मी मागच्या दारात गेले. रंजना हौदातून पाणी काढून दगडावर चादरी आपटत होती. दोन चादरी झाल्या की कंबरेवर हात ठेवून उभी राहायची.

"दम लागतो का गं तुला?"

"वय झालं काकू. पन्नाशी आली."

"दवाखान्यात दाखवू या एकदा."

"दाखवू की. दिवाळी झाल्यावर. आता मयूरीच्या दुकानात सणाची गर्दी, तिला सुट्टी न्हाई."

मी जोर केला नाही. दवाखान्यात नेलं असतं तर "काकू, तुम्हाला कसं कळलं?" हा पहिला प्रश्न आला असता. मनाशी म्हटलं, कार्तिकीपर्यंत सात एकादश्या उरल्या आहेत, उद्यापन झालं की पहिलं काम हेच. तोवर चादरी धोब्याला देऊ. तिच्या नावानं रोज एक माळ जास्त जपायला लागले. लिहिताना हात थांबतो आहे, पण मला त्या माळेचं समाधानही वाटत होतं.

श्रावणातली दुसरी एकादशी झाल्यावर सोलापूरला प्रत्यक्ष बोलावलं. निनाद नाशिकहून गाडी घेऊन आला. डॉक्टर कपिल इंगळे म्हणून तरुण गृहस्थ होते. माझ्या छातीची सोनोग्राफी झाली, पट्टी काढून नवी दिली. डॉक्टर एकदा माझ्याकडे आणि एकदा पडद्याकडे बघत राहिले.

"आजी, तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. आणि मशीन सांगतं की तीन दिवसांपूर्वी तुमच्या छातीत पाणी होतं. दोन्ही खरं कसं असेल?"

निनाद म्हणाला, "आई, काही लपवत नाहीस ना?"

"मी कशाला लपवू?"

शेवटी डॉक्टरांनी लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या दिल्या. "मशीननं पिवळं दाखवलं त्याच दिवशी, तीही अर्धी. या गोळीनं पाण्याबरोबर रक्तातले क्षारही जातात. म्हणून आठवड्यानं रक्त तपासायचं. चुकवायचं नाही."

बार्शी येईपर्यंत गोळ्यांचं पाकीट मांडीवर होतं. मला वाटलं, देवानंच वाट काढली. औषध ज्याचं त्याला पोचेल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर मी रंजनाला नेहमीसारखं तीर्थ दिलं. तिनं ओंजळ पुढे केली होती ती तशीच होती. त्यात मी गोळी ठेवली.

"ही काय?"

"ताकदीची. घे."

तिनं ती तीर्थाबरोबर गिळली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. गोळीचा हात डोक्यावरून फिरवला तिनं.

अर्धी गोळी पिवळ्या दिव्याच्या दिवसासाठी होती, मी अख्खी दिली आणि रोज दिली. मला वाटलं तिला पाणी रोजच साठत असणार, पट्टीला दोनच दिवस दिसतं. यात चुकीचं काय ते मला समजत नव्हतं, कारण ज्यांना समजत होतं त्यांना मी विचारू शकत नव्हते. आठवड्यानं रक्त तपासायला आशाताई आल्या. मी माझा हात पुढे केला. माझं रक्त उत्तम आलं.

भाद्रपदातल्या पहिल्या एकादशीला पट्टी तिला लावली तेव्हा छातीतलं पाणी उतरलेलं दिसलं. आफ्रिनचा फोन आला. "काकू, गोळी लागू पडली. ठोके अजून वेडेवाकडे आहेत, पण बघू." मी देवापुढे साखर ठेवली.

रंजना मात्र त्या दिवसांत मलूल दिसायला लागली. पायात गोळे येतात म्हणायची. "तुमच्या ताकदीच्या गोळीनं ताकदच गेली बगा," असं एकदा हसत म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओंजळ पुढे केली.

पितृपक्षातली चतुर्थी होती. सकाळचे दहा वाजले असतील. मी वाती वळत होते आणि स्वयंपाकघरात परात पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर रंजना ओट्याखाली आडवी, कणकेचे हात छातीवर. हाक मारली तर डोळे उघडेनात. मयूरी दुकानात होती.

फळीवरच्या डबीवर हिरवा दिवा होता. पट्टी माझ्या अंगावर होती, आणि माझं सगळं ठीक चाललेलं होतं.

मी पट्टी उपटली आणि तिच्या खांद्याखाली लावली. लाल दिवा लागला की फोन न करता गाडी निघते, हे मला माहीत होतं. पण तेवढंच नव्हतं. तोंड न उघडता मदत येईल, हेही मनात होतं. त्या क्षणीसुद्धा होतं.

दिवा लाल झाला. अर्ध्या मिनिटात फोन वाजला.

"काकू? तुम्ही बोलताय?" आफ्रिनचा आवाज घाईत होता. "तुमचे ठोके बघून तुम्ही फोन उचलाल असं वाटलं नव्हतं. झोपून राहा. गाडी पाच मिनिटांत येते. मी त्यांना तुमची माहिती पाठवली आहे. तुम्ही मधुमेहाच्या, साखर पडली असेल तर ते आधी..."

"ती मी नाही," मी म्हटलं.

"काय?"

"पट्टी आत्ता माझ्या अंगावर नाही. रंजनाच्या आहे. माझ्याकडे काम करते ती. तिला साखर नाही. एकादशीला तीच लावायची. प्रत्येक एकादशीला."

पलीकडे कोणीतरी काही विचारत होतं, आफ्रिननं त्याला थांबवलेलं ऐकू आलं. "तिनं कुठलं औषध घेतलंय?"

"तुम्ही मला दिलेली गोळी."

"अर्धी?"

"अख्खी. रोज. वीस दिवस झाले."

मग तिचा आवाज पहिल्यापेक्षा सावकाश झाला. "तिला डाव्या कुशीवर करा. तोंडाजवळ हात धरा. श्वास लागतोय हाताला? ठीक. रक्तातले क्षार पडलेले असणार, मी गाडीला तसं सांगते. वय किती? पूर्ण नाव सांगा. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, माहीत आहे?"

चौदा वर्षांत मी तिला हे विचारलं नव्हतं. "माहीत नाही," मी म्हटलं.

रंजना वाचली. सोलापूरला नेताना वाटेत एकदा तिचं हृदय थांबायला आलं होतं, असं गाडीतल्या माणसानं मयूरीला सांगितलं. क्षार कमी झाल्याचं आधी कळलं नसतं तर थांबलंच असतं. हे ऐकून मयूरी माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं झालं काकू तुम्ही घरात होतात." तिला तेव्हा काही माहीत नव्हतं. मी मान खाली घातली, तिला वाटलं रडते आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर इंगळ्यांनी मला खोलीत बोलावलं. ते ओरडतील म्हणून मी मन घट्ट करून गेले होते. ते ओरडले नाहीत. लहानपणच्या तापानं रंजनाच्या हृदयाची एक झडप आखडली आहे, असं त्यांनी सांगितलं. मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडता येते, दोन दिवसांत माणूस घरी जातं. पण ठोके महिनोन् महिने वेडेवाकडे पडत राहिले, रक्त कप्प्यात घोटाळलं आणि तिथे गाठ धरली. आता फुगा नेला तर गाठ सुटून मेंदूत जायची.

"आषाढात गाठ नसावी बहुतेक," ते म्हणाले. "आता छाती उघडावी लागेल."

"मग उघडा. वाट कसली बघायची?"

"वाट तुमची आहे. तिचं हृदय किती दिवस, किती वेगानं बिघडत गेलं, ते आम्हाला बघायचंय. त्यावरून ठरेल लगेच उघडायचं की आधी औषधानं गाठ विरघळवायची. त्या सात एकादश्यांची नोंद सोडली तर तिच्या हृदयाचं दुसरं काही लिहिलेलं नाही कुठे. आणि ती नोंद आहे तुमच्या नावावर. तुम्ही लेखी दिल्याशिवाय यंत्र ती मला तिच्या कागदावर घेऊ देत नाही."

कायदाच तसा आहे. ज्याच्या नावावर नोंद, ती त्याची. दुसऱ्याच्या नावावर करायची तर मूळ माणसानं कारण लिहून द्यायचं, आणि ज्याच्या नावावर जायची त्याला ते वाचून दाखवून सही घ्यायची.

कागद आफ्रिननं आणून दिला. प्रत्यक्षात ती फार बारीक आहे, चष्मा लावते. माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, "कारणाच्या रकान्यात 'चुकून अदलाबदल' एवढंच लिहिलं तरी चालतं, काकू. पुष्कळ घरांत होतं. नवराबायकोच्या पट्ट्या बदलतात."

तिला माझी दया आली होती. मला वाटलं, आयुष्यभर मी पोथ्या वाचून लोकांना दया करायला शिकवत आले, आणि आता ती मला परवडत नाही.

मी कागद घरी आणला. लिहायला तीन दिवस लागले. रकाना चार ओळींचा होता, मी मागची बाजूही भरली. निनादला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आई, दर द्वादशीला मी सगळ्यांना सांगायचो, माझी आई माझं ऐकते म्हणून." त्याहून जास्त तो काही बोलला नाही. त्यानं बोलायला हवं होतं.

कागद घेऊन निघाले तो दिवस भाद्रपद वद्य एकादशीचा होता. स्टँडवर मी चहा घेतला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा एकादशीला घशाखाली काही उतरलं, आणि मला काहीच वाटलं नाही. वाटायला जागा उरली नव्हती.

बायकांच्या वॉर्डात रंजनाची खाट खिडकीपासून तिसरी. नाकाला नळी, हाताला सुई. मला बघून उठायला गेली, मयूरीनं खांदा धरून निजवलं.

"काकू, जेवणाचं काय करताय?" तिनं विचारलं. "शेजारच्या वैनींना सांगा पोळ्या करायला. तुमाला न्हाईत जमत."

"रंजना, हा कागद आहे. तुला वाचून दाखवायचा आणि मग तू सही करायची."

"द्या, करते सही. वाचायचं काय त्यात."

"वाचायचंय."

मी वाचायला लागले. माझं नाव, वय, पट्टीचा क्रमांक. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कूस बदलून आमच्याकडे तोंड करून पडली. समोरच्या बाईला जेवण भरवणारी तिची सून हात थांबवून बघत होती. माझा आवाज आपोआप खाली गेला.

"मोठ्यानं वाचा," मयूरी म्हणाली. "मशीनच्या आवाजात तिला ऐकू येत नाही."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "माझं निर्जळी एकादशीचं व्रत डॉक्टरांपासून आणि मुलापासून लपवण्यासाठी मी माझी पट्टी सात वेळा रंजना बारंगुळे यांच्या अंगावर लावली. त्यांच्या हृदयात बिघाड आहे हे मला आषाढ वद्य एकादशीनंतरच्या फोनवरून कळलं. मी ते त्यांना सांगितलं नाही."

रंजनानं सुईचा हात वर केला. "थांबा. ते परत वाचा."

"कुठलं?"

"कवा कळलं ते."

मी परत वाचलं. ती वरच्या पंख्याकडे बघत होती. ओठ हलत होते, महिने मोजत असावी.

"त्या दिसांत तुमी मला विचारलं हुतं," ती म्हणाली. "दम लागतो का म्हणून. मागच्या दारात."

"हो."

"मला वाटलं, काकूंचं किती ध्यान हाय माझ्याकडं. मयूरीला पण सांगितलं मी तसं."

मयूरी माझ्याकडे बघत नव्हती. तिनं आईच्या पायांवरची चादर ओढून सारखी केली, मग पुन्हा सारखी केली.

"रंजना," मी म्हटलं.

"पुढचं वाचा, काकू."

पुढचं गोळीचं होतं. ओंजळीत मी काय ठेवत होते ते. ती ऐकायला थांबली होती, शेजारची म्हातारी थांबली होती, समोरच्या सुनेनं ताट खाली ठेवलं होतं. मी कागद उलटला आणि मोठ्यानं वाचायला लागले.